इराणचं पठार: कडेला बर्फ, मध्ये मीठ आणि पायथ्याशी गावं

इराण म्हटलं की डोळ्यांपुढे वाळूचे ढिगारे येतात. प्रत्यक्षात या देशात वाळूपेक्षा डोंगर कितीतरी जास्त आहेत. क्षेत्रफळ सुमारे 16.5 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपटीहून जास्त, आणि त्यातला बराचसा भाग एक तर डोंगर आहे किंवा डोंगरांनी वेढलेलं उंच पठार. इस्फहान समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटरवर आहे, केर्मान 1,750 मीटरच्या आसपास. आपलं महाबळेश्वर 1,370 मीटरच्या घरात, म्हणजे ही दोन्ही 'वाळवंटी' शहरं महाबळेश्वरपेक्षा उंच. तिथे थंडीत बर्फ पडतो आणि रात्री नळातलं पाणी गोठतं.

इराणची जमीन समजून घ्यायची तर सुरुवात वाळवंटापासून न करता डोंगरापासून करावी. तिथलं पाणी डोंगरातून येतं. मीठ, माती, वाळू आणि भूकंप यांचा उगमही तिथेच आहे. माणसांची वस्ती बहुतेक डोंगर आणि वाळवंट यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात आहे. हा पट्टा नेमका तिथेच का, हे कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

डोंगर कसे उभे राहिले

अरबस्तानचा भूखंड आफ्रिकेपासून सुटून ईशान्येकडे सरकतो आहे आणि युरेशियाच्या भूखंडावर रेटा देतो आहे. वेग वर्षाला साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर. मधे पूर्वी समुद्र होता. त्याच्या तळाशी कोट्यवधी वर्षं साचलेले चुनखडीचे, मार्लचे (चुनामिश्रित चिकणमातीचे) आणि मिठाचे थर या रेट्यात सापडले आणि त्यांच्या वळ्या पडल्या. त्या वळ्या म्हणजे झाग्रोस: तुर्कस्तान-इराकच्या सीमेपासून होर्मुझच्या सामुद्रधुनीपर्यंत सुमारे 1,500 किलोमीटर लांबीची, एकामागे एक समांतर रांगांची पर्वतमाला. तिचं सर्वात उंच शिखर देना, 4,400 मीटरहून किंचित जास्त.

सह्याद्री पाहिलेल्या माणसाला झाग्रोस सुरुवातीला विचित्र वाटतो. सह्याद्रीचे थर लाव्हाचे आणि जवळपास आडवे, म्हणून माथे सपाट आणि कडे सरळ. झाग्रोसचे थर वाकलेले, म्हणून तिथला डोंगर लांबट आणि पाठ फुगलेला दिसतो. एकेक वळी सलग कित्येक किलोमीटर जाते. नद्या मात्र काही ठिकाणी या रांगा आडव्या कापून जातात. अशा अरुंद खिंडीला तिथे 'तंग' म्हणतात. या वळ्यांच्या पोटात, चुनखडीच्या भेगांमध्ये, तेल अडकून राहिलं. 1908 साली मस्जिद-ए-सुलेमानला लागलेली पश्चिम आशियातली पहिली मोठी तेलविहीर झाग्रोसच्या पायथ्याची आहे.

उत्तरेला कॅस्पियन समुद्राच्या काठाने आल्बोर्झची रांग आहे. तिच्यातला दमावंद हा सुमारे 5,610 मीटर उंचीचा सुप्त ज्वालामुखी, आशियातला सर्वात उंच ज्वालामुखी. कॅस्पियनची पातळी महासागरापेक्षा जवळपास 28 मीटर खाली, आणि तिथून शंभरेक किलोमीटरच्या आत जमीन साडेपाच हजार मीटरच्या वर जाते.

पाऊस कुठे अडतो

उन्हाळ्यात या अक्षांशांवर हवा वरून खाली बसत असते. खाली बसणारी हवा दाबली जाते, तापते, कोरडी होते आणि ढग बनू देत नाही. आपल्या मान्सूनचाही यात हात आहे. भारतीय उपखंडावर जून ते सप्टेंबरमध्ये हवा प्रचंड प्रमाणात वर चढते, आणि तिचा परिणाम म्हणून पश्चिमेकडे, इराण ते पूर्व भूमध्य समुद्रापर्यंत, हवा आणखी जोराने खाली बसते. म्हणजे आपल्याकडे मुसळधार पाऊस पडतो तेव्हा तिकडचं आभाळ अधिकच निरभ्र होतं.

इराणला पाऊस मिळतो तो मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये, भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वादळी पट्ट्यांमधून. हेच पट्टे पुढे काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडतात आणि आपलं हवामान खातं त्यांना 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतं. इराणात शिरताना त्यांना आधी झाग्रोस चढावा लागतो, त्यामुळे ओल तिथेच पडते, आणि हिवाळा असल्याने बरीचशी बर्फाच्या रूपात. उत्तरेला कॅस्पियनवरून येणारी दमट हवा आल्बोर्झ अडवतो. अंझली बंदरात वर्षाला सुमारे 1,800 मिलिमीटर पाऊस होतो. आल्बोर्झच्या पलीकडे तेहरानला 250 च्या आतबाहेर, आणि पठारावरच्या यझ्दला जेमतेम 60. डोंगर ओलांडताना हिरवं जंगल संपून तपकिरी उघडे उतार सुरू होतात ते एखाद्या घाटाच्या अंतरात. पुण्याहून फलटण-दहिवडीकडे जाताना पर्जन्यछाया दिसते तसाच हा प्रकार आहे, फक्त इथे पावसाचं दार एका बाजूने नाही, तर दोन्ही बाजूंनी बंद आहे.

बर्फ पडतो हे इथल्या जगण्याचं मोठं भाग्य. पाऊस लगेच वाहून जातो, पण बर्फ मार्चपासून जूनपर्यंत हळूहळू वितळतो आणि जमिनीत मुरायला वेळ मिळतो.

मधलं पठार: पाणी आत येतं, बाहेर जात नाही

झाग्रोसमधलं झर्दकुह हे शिखर पाहा. त्याच्या एका अंगाला कारून नदी उगम पावते आणि डोंगर कापत शेवटी पर्शियन आखाताकडे जाते. दुसऱ्या अंगाला झायंदेरूद उगम पावते, पूर्वेकडे पठारावर उतरते, इस्फहान शहरातल्या 33 कमानींच्या पुलाखालून जाते आणि गावखुनी नावाच्या खाऱ्या दलदलीत संपते. तिला समुद्र नाही. 1950 च्या दशकात कुहरंगचा बोगदा खोदून कारूनच्या उगमाचं थोडं पाणी झायंदेरूदमध्ये वळवलं, तरीही अलीकडे इस्फहानमधलं तिचं पात्र वर्षातला बराच काळ कोरडं असतं.

पठारावरच्या बहुतेक ओढ्या-नद्यांचं असंच आहे. चारी बाजूंना डोंगर, मध्ये खोलगट भाग, निचरा कुठेच नाही. आत आलेलं पाणी वाफ होऊन जातं. बाष्पीभवनाची ताकद वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त आणि पाऊस शंभरच्या आत, त्यामुळे हिशोब कधीच जुळत नाही. पाणी जातं, त्यातले क्षार मागे राहतात. हे लाखो वर्षं चाललं की मध्यभागी मिठाचं मैदान तयार होतं.

डोंगरापासून या मैदानापर्यंत चालत गेलं तर जमीन ठराविक क्रमाने बदलते. घळीतून सुटलेला लोंढा पायथ्याशी येताच पसरतो, त्याचा जोर ओसरतो आणि तो ओझं टाकायला लागतो. वाऱ्यावर धान्य उफणताना दाणा जवळ आणि भूस लांब पडतं, त्याच न्यायाने मोठे दगड घळीच्या तोंडाशी पडतात, पुढे गोटे, मग वाळू, आणि अगदी शेवटी गाळ. पंख्याच्या आकाराच्या या उताराला भूशास्त्रात जलोढ पंखा म्हणतात. त्याचा वरचा भाग गोट्यांचा असल्याने पाणी झटकन पितो. शेती तिथे होत नाही, कारण माती नाही आणि पाणी खूप खोल. खालचं टोक चिकणमातीचं, पाणी उथळ पण खारट. गावं वसतात ती या दोन्हींच्या मध्ये: माती पुरेशी बारीक, पाणी अजून गोड, आणि उतार एवढा की पाणी आपसूक वाहील. यझ्द, काशान, केर्मान, बाम, तेहरान, सगळी याच पट्ट्यातली.

दश्त-ए-कवीर आणि दश्त-ए-लूत

इराणची दोन मोठी वाळवंटं एकाच नमुन्याची समजली जातात, पण त्यांच्यात फार फरक आहे.

दश्त-ए-कवीर उत्तरेला, सुमारे 77 हजार चौरस किलोमीटर. हे मुख्यतः मिठाचं आणि चिखलाचं वाळवंट आहे. भूजल पृष्ठभागाच्या अगदी जवळ असतं, ते मातीतल्या बारीक छिद्रांतून वर ओढलं जातं, वाफ होतं, आणि वर मिठाची साय धरते. मीठ साचत राहिलं की कवच फुगतं, त्याला पसरायला जागा नसते, मग ते बहुकोनी लाद्यांमध्ये तडकतं. तड्यांतून पुन्हा खारं पाणी वर येतं आणि कडा उचलल्या जातात. सुक्या दिवसांत हे कवच माणसाचं वजन पेलतं. धोका त्याच्या खालच्या चिखलाचा. कवच काही बोटं जाडीचं असू शकतं आणि खाली ओला, खारट, चिकट गाळ. गाडीचं चाक एकदा कवच फोडून गेलं की ते फिरवून बाहेर येत नाही, उलट आणखी रुततं. म्हणून स्थानिक वाटाडे जुन्या वहिवाटीच्या वाटा सोडत नाहीत. पाऊस पडून गेल्यावर ते आठवडेच्या आठवडे आत शिरत नाहीत आणि पांढऱ्यापेक्षा गडद, ओलसर दिसणाऱ्या पट्ट्यांना जास्त घाबरतात. वाळूत चाकांतली हवा कमी केली की गाडी निघते. कवीरच्या चिखलात हा उपाय चालत नाही, तिथे लाकडी फळ्या आणि ओढणारी दुसरी गाडी हवी.

कवीरमधलं सगळंच मीठ अलीकडचं नाही. जमिनीखाली दडलेले प्राचीन मिठाचे थर दाबाखाली अतिशय सावकाश वाहतात. वरच्या खडकापेक्षा हलके असल्याने ते खडक फोडून घुमटासारखे वर येतात. दक्षिण झाग्रोसमध्ये असे शंभरहून जास्त घुमट आहेत, त्यांचं मीठ 50 कोटी वर्षांहून जुनं. काही ठिकाणी हे मीठ डोंगरमाथ्यावर येऊन उताराने खाली सरकतं, हिमनदी सरकावी तसं, आणि पाऊस पडला की त्याचा वेग वाढतो. जगात असे मिठाचे प्रवाह इतक्या संख्येने दुसरीकडे क्वचितच सापडतील. हवा इतकी कोरडी आहे म्हणूनच ते टिकले. कोकणातल्या पावसात असा डोंगर केव्हाच विरघळून गेला असता.

दश्त-ए-लूत आग्नेयेला. क्षेत्र सुमारे 52 हजार चौरस किलोमीटर, आणि 2016 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. लूतवर वाऱ्याचं राज्य आहे. जून ते ऑक्टोबर वायव्येकडून आग्नेयेकडे एकाच दिशेने जोराचा वारा सुटतो. पश्चिम भागात जुन्या तळ्यांचा घट्ट गाळ होता. वाऱ्याने त्यात वाळूच्या माऱ्याने लांबच लांब चर कोरले आणि मध्ये उंच भिंतींसारखे कणे उरले. शहदाद गावाच्या पुढे दिसणारे हे 'कलूत' सुमारे 150 किलोमीटर पसरले आहेत, सगळे वाऱ्याच्या दिशेला समांतर. कोरून काढलेली वाळू पूर्वेला साचली. तिथले काही ढीग 400 मीटरहून उंच आहेत.

लूतच्या तापमानाबद्दल एक गैरसमज सतत फिरतो, तो दूर केला पाहिजे. 2005 मध्ये उपग्रहाने इथे 70.7 अंश सेल्सियस नोंदवलं, आणि पुढच्या अधिक बारकाईच्या मोजणीत 2018 सालासाठी 80.8 निघालं. हे आकडे जमिनीच्या पृष्ठभागाचे आहेत, हवेचे नव्हेत. बातम्यांत सांगतात ते तापमान सावलीत, जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर मोजलेल्या हवेचं असतं. दुपारच्या डांबरी रस्त्यावर अनवाणी पाय ठेवला की हा फरक लगेच समजतो. लूत इतकं तापण्याची कारणं तीन आहेत. गंदुम बेरियान नावाचं 480 चौरस किलोमीटरचं काळ्या बेसॉल्टचं पठार ऊन शोषून घेतं. ओल नसल्याने बाष्पीभवनातून होणारा गारवा शून्य. आणि लूतचा तळ आसपासच्या डोंगरांपेक्षा तीन हजार मीटरहून जास्त खाली आहे. वरून उतरणारी कोरडी हवा दर हजार मीटरला सुमारे 10 अंशांनी तापते.

कनात: डोंगराचं पाणी पंपाशिवाय गावात

आता त्या मधल्या पट्ट्यातल्या गावाकडे परत येऊ. पाणी आहे, पण वर डोंगराच्या बाजूला, गोट्यांखाली खोल. ते गावात आणायचं, तेही वाटेत वाफ न होऊ देता. यावर इराणमध्ये अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी निघालेला उपाय म्हणजे कनात: जमिनीखालून किंचित उताराने येणारं भुयार.

आधी वरच्या बाजूला चाचणीची विहीर खोदतात. पाणी लागलं आणि काही दिवस पातळी टिकली, तर तीच 'मादर-चाह', म्हणजे मूळ विहीर ठरते. मग खालच्या गावातलं तोंड ठरवायचं. समजा मूळ विहीर 60 मीटर खोल आहे, जमिनीचा उतार किलोमीटरला 10 मीटर आणि भुयाराला उतार द्यायचा किलोमीटरला 1 मीटर. दर किलोमीटरला भुयार आणि जमीन यांच्यातलं अंतर 9 मीटरने कमी होतं. 60 भागिले 9, म्हणजे पावणेसात किलोमीटरच्या थोडं आत पाणी आपोआप उजेडात येईल. भुयाराचा उतार हा सगळ्यात नाजूक भाग आहे. तो जास्त झाला तर पाणी जोरात वाहून तळ खरवडतं आणि छत कोसळतं. कमी झाला तर गाळ बसतो आणि पाणी तुंबतं. साधारण हजारास एक किंवा त्याहून कमी हा उतार जुने कारागीर दोरी आणि पाण्याच्या पातळीने साधत आले.

खोदणाऱ्याला मुकन्नी म्हणतात. काम तोंडाकडून मूळ विहिरीकडे, म्हणजे चढाच्या दिशेने करतात, म्हणजे लागलेलं पाणी मागे वाहून जातं आणि खोदणारा बुडत नाही. भुयार जेमतेम एका वाकलेल्या माणसापुरतं, उंची सव्वा मीटरच्या आसपास, रुंदी त्याहून कमी. सरळ रेषा राखायला मागे दोन दिवे ठेवतात. पुढे बसलेल्याला दोन्ही ज्योती एकावर एक दिसल्या पाहिजेत. दर 20 ते 50 मीटरवर वरून उभी विहीर पाडतात, तिच्यातून हवा येते आणि रहाटाने माती वर जाते. आपल्या उदाहरणात 30 मीटरवर एक धरली तर सव्वादोनशेच्या आसपास विहिरी होतात. त्यांची सरासरी खोली 30 मीटर, म्हणजे उभं खोदकाम भुयाराच्या लांबीइतकंच भरतं. कनात इतकी महाग का पडायची, याचं उत्तर या एका हिशोबात आहे.

बिघडतं काय? मऊ थर लागला की छत ढासळतं. तिथे भाजलेल्या मातीची अंडाकृती कडी बसवतात. दिवा मंद झाला तर हवा संपत चालली असं समजून बाहेर यायचं. विहिरीच्या तोंडाभोवती मातीचा कठडा नसेल तर पुराचा लोंढा थेट आत घुसतो आणि एका तासात वर्षांचं काम गाडून टाकतो. वरून दिसणारी मातीची वर्तुळं म्हणजे हेच कठडे. गाळ काढणं नियमित करावं लागतं, ते थांबलं की कनात मरते.

खोरासानमधल्या गोनाबादची कनात सुमारे 33 किलोमीटर लांब, तिला चारशेहून जास्त विहिरी आणि मूळ विहिरीची खोली 200 मीटरपेक्षा बरीच जास्त. 2016 मध्ये 11 कनाती जागतिक वारसा ठरल्या, त्यात ही आहे. पाण्याची वाटणी वेळ मोजून व्हायची. मोठ्या घंगाळात तळाला भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवायची, ती भरून बुडाली की एक माप झालं. आपल्याकडच्या जुन्या घटिकापात्राचं तत्त्व हेच.

ही विद्या दख्खनेतही आली. बिदरची कारेझ बहमनी काळातली. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा मुघल काळातला. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर, इथली नहर-ए-अंबरी मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधली. इराणमध्ये गोटे-मातीतून भुयार जातं, खडकीत खाली काळा कातळ. म्हणून इथे झिरप्याचं पाणी गोळा करून पुढे बांधीव पाट आणि खापरी नळांतून शहरात नेलं.

पाणी जिथे, भूकंपही तिथे

डोंगर आणि मैदान यांची सीमा बहुतेक ठिकाणी भूकंपाच्या भेगेवर असते, कारण त्या भेगेवर डोंगर उचलला गेला. भेगेत खडक दळून चिकणमातीसारखा होतो आणि भूजलाला बांधासारखा अडवतो. वरच्या बाजूला पाणी तुंबतं, पातळी उथळ होते, कनाती सोप्या होतात. बाम शहराचं हेच झालं. तिथल्या भेगेच्या उंचवट्याशी कनातींच्या रांगा आहेत. आपल्याकडे किमिया नावाने मिळणारा काळा मऊ खजूर मजाफती जातीचा, तिचं मूळ घर बामच्या या बागा. 26 डिसेंबर 2003 च्या पहाटे तिथे 6.6 तीव्रतेचा भूकंप झाला आणि 26 हजारांहून जास्त माणसं गेली. कच्च्या विटांच्या जड भिंती आणि घुमट कोसळले की त्यांची भुकटी होते. काँक्रीटच्या ढिगाऱ्यात कधीकधी उरतात तशा हवेच्या पोकळ्या राहत नाहीत, म्हणून गाडली गेलेली माणसं वाचली नाहीत. 1978 मध्ये तबस याच तऱ्हेने उद्ध्वस्त झालं होतं. तेहरानच्या उत्तर कडेलाही अशीच भेग आहे.

पंपांनी काय केलं

कनातीत येतं तेवढंच पाणी मिळतं. पातळी घसरली की धार आपोआप बारीक होते, उपसा हाताबाहेर जाऊच शकत नाही. 1960 नंतर डिझेल आणि विजेचे पंप आले आणि ही मर्यादा गेली. रफसंजानच्या पिस्त्याच्या बागांपासून तेहरानच्या नैर्ऋत्येच्या शेतीपर्यंत सगळीकडे खोल बोअरवेल झाल्या. पातळी मूळ विहिरीच्या तळाखाली गेली की कनात कोरडी पडते, आणि तिच्यातला वाटा असलेल्या सगळ्यांचं पाणी एकदम जातं. बोअरवेल मारणाऱ्या शेजाऱ्यामुळे विहीर आटलेला मराठवाड्यातला शेतकरी हे दुखणं ओळखेल.

इराणमध्ये त्यापुढे जमीनच खचू लागली. गाळाच्या थरांतलं पाणी कणांना आधार देत असतं. ते काढलं की चिकणमातीचे कण दाबून घट्ट बसतात आणि पुन्हा पाणी सोडलं तरी फुगत नाहीत. तेहरानच्या मैदानात काही जागी जमीन वर्षाला 20 सेंटिमीटरहून जास्त खचल्याचं उपग्रहांच्या मोजणीत दिसलं आहे. पुढे चांगला पाऊस झाला तरी साठवायची जागाच तेवढी उरलेली नसते. आमच्या मते इराणच्या पाणीप्रश्नात सर्वात गंभीर गोष्ट ही आहे, कमी पावसापेक्षाही.

उपग्रहाच्या चित्रात कसं पाहावं

फोनवरच्या कुठल्याही नकाशात उपग्रहाचं चित्र लावा आणि यझ्दच्या नैर्ऋत्येला शिरकुह डोंगर शोधा. त्याच्या पायथ्यापासून शहराकडे येत मोठं करत गेलात की जमिनीवर गोल खड्ड्यांच्या रांगा दिसतील: त्या कनातींच्या विहिरी. दोन खड्ड्यांमधलं अंतर नकाशातल्या मोजपट्टीने मोजा, रांग डोंगराकडे किती लांब जाते तेही मोजा. काही रांगा शहराच्या आत घरांखाली हरवतात. मग शहदादच्या पूर्वेला जा. तिथे कलूतच्या समांतर रेषा दिसतील. त्यांची दिशा पाहिली की तिथला वारा कुठून कुठे वाहतो हे हवामान खात्याला न विचारता सांगता येईल.